साठ वॅट

सारमानसच्या धक्क्यावर खनिज भरत जातं
तशी बार्ज पाण्यात बसत जाते,
गाभण म्हशीसारखी, कुरकुरत.
मी वाकून कडेचं पाणी मोजतो.
वर केबिनमधून कायतान विचारतो,
"किती उरलं?"
वीतभर, म्हणतो मी.
"वीत कुणाची? तुझी की माझी?"

एकोणिसाव्या वर्षी आलो.
आईला सांगितलं, चाक धरायचं काम आहे.
पहिले आठ महिने धरला झाडू,
मग रंगाचा ब्रश, मग कायतानच्या चहाचा पेला.
चाकाला हात लागला तो पुसताना.

नदीसाठी वही केली,
दहावीच्या गणिताची उरलेली चौकटींची पानं.
आमोण्याचा पूल: मधला गाळा नको, डावीकडचा.
नावेली: रेती दर पावसाळ्यात कूस बदलते.
जाळ्यांच्या खुंट्या: लांबून जा, शिव्या खऱ्या असतात.
चिंचेपाशी वळ.
कुठली चिंच?
"होती," कायतान म्हणाला. "नव्वद साली पडली."
तरी सगळे सुकाणी तिथेच वळतात.
मीही, तीन वर्षं झाली,
तिच्या फांद्या चुकवतो.

पावसाळ्यात आग्वादचं तोंड रेतीने मिटतं,
मग कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुआरीला.
चिपीची झाडं कठड्याला घासतात,
चिखलावर मगर जबडा उघडा टाकून पडलेली,
तिला आमच्या हजार टनांचं काही नाही.
लाल माती दातांत, डाळीत, उशीत.
साबणसुद्धा विटकरी.

रात्री खुणा मोजक्याच.
वांशीला एका ओसरीवर पिवळा दिवा:
तो आणि मागच्या टेकडीवरचा क्रूस
एका रेषेत आले की चाक डावीकडे.
हे वहीत लिहावंसं वाटलं नाही.
आपल्या घराचं दार कोण लिहून ठेवतो?

त्या रात्री कायतान खाली, तापाने फणफणलेला.
चाक माझ्याकडे.
दिवा नव्हता.
मी वाट पाहिली. ओहोटी पाहत नाही.
अंदाजाने वळवलं,
आणि पायांखाली आवाज झाला
कोणी तवा खरवडावा तसा, लांब, सावकाश.
इंजिन ओरडलं, चिखल उकळला,
आम्ही तिथेच.

कायतान चादर गुंडाळून वर आला,
पाणी पाहिलं, मला पाहिलं,
"वीत कुणाची?" एवढंच म्हणाला
आणि पेज मागितली.
मालकाचा फोन तीनदा.
बाजूने दोन बार्जी गेल्या,
एकीवर माझ्या वर्गातला रोहिदास,
त्याने टोपी काढून हलवली.
मरायला तेवढं पुरे होतं.

उजाडल्यावर, भरती चढायच्या आत,
होडी घेऊन गेलो.
एर्मेलिना बाय कोंबड्यांना भात टाकत होती.
म्हटलं, तुमचा दिवा.
"बल्ब गेला. तू वीज खात्यातला?"
सांगितलं सगळं.
तीस वर्षं नदीवरचे सगळे तुमच्या दिव्यावर वळतात.
"तो?" ती म्हणाली.
"तो रात्री उठावं लागतं म्हणून.
आधी नवऱ्याला लागायचं, आता मला."
मग हसली, मग गप्प झाली,
आणि नदीकडे पाहत राहिली
जशी एखादी बाई पाहील
न विचारता तिचं नाव ठेवलेल्या मुलीकडे.

जुन्या गोव्यात दुकानदार म्हणाला,
एलईडी घे, वीज खात नाही.
तो पांढरा. मला पिवळाच हवा होता, साठचा.
धूळ बसलेले शेवटचे चार निघाले.
चारही घेतले.

एक तिच्या ओसरीवर, स्टुलावर चढून मीच लावला.
तीन माझ्या ट्रंकेत आहेत,
बनियनात गुंडाळून.